सरूबाईची जागा

डोळे मिटा आणि तुमच्या आईचा डावा कान आठवून बघा. फोनमधला फोटो उघडायचा नाही. पाळी जाड आहे की पातळ? टोचलेलं भोक मधोमध आहे, की फुलांच्या वजनाने ओघळून खाली आलंय? कानामागचे केस नेमके कुठून सुरू होतात?

आता तो कान भिंतीवर काढायचा आहे. कागदावर नाही, कागद चुकला तर फाडून टाकता येतो. सिमेंटच्या खरबरीत भिंतीवर, दीड इंची ब्रशने, येणारे-जाणारे सायकल थांबवून बघत असताना. आणि आई जाऊन वीस वर्षं झाली आहेत.

गहिनीनाथ पेंटरांनी हे करून बघितलं. कान त्यांनी तीन वेळा काढला आणि तीन वेळा फडक्याने पुसला. चौथ्यांदा त्यावर पदर ओढला.

"कान न्हाईच आठवला," ते मला नंतर म्हणाले. "मग म्हणलं, पदर हाय की. पदर बराबर आठवतोय."

आमच्या गावात गहिनीनाथ पेंटर कोण हे कोणाला सांगावं लागत नाही. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण या गोष्टीतली माणसं अजून त्याच कचेरीत बसतात आणि मीही रोज तिथंच जाते. अंबाजोगाईपासून एसटीने पाऊण तास, एवढं पुरे. या भागातल्या भिंतींवर गेली अडतीस वर्षं जे काही लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं त्यांच्या हातचं आहे. बियाण्यांच्या जाहिराती, कोचिंग क्लासची नावं, दवाखान्यांचे बाण, निवडणुकीतली चिन्हं, 'येथे लघवी करू नये'. आमच्या शाळेच्या भिंतीवरचे पाढेही त्यांचेच. सतराचा पाढा मी त्यांच्या अक्षरातून पाठ केला. अजूनही सतरा नव्वे म्हणताना मला हिरव्या रंगातलं एकशे त्रेपन्न दिसतं.

प्रत्येक भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, ते सही करत: 'गहिनी आर्ट', आणि पुढे मोबाइल नंबर.

त्यांची काम करायची रीत बघण्यासारखी आहे. आधी वरची रेघ. सुताला नीळ लावायची, दोन्ही टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत धरून ओढायचं आणि सोडायचं. फट्‌ आवाज होतो आणि भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. मग त्या रेघेला एकेक अक्षर लटकवायचं.

"दोरीवर धुणं वाळू घालतो ना, तसं," ते सांगतात. "दोरी ढिली पडली की धुणं मातीत."

फ्लेक्स आल्यापासून भिंती कमी झाल्या. तरी नगरपंचायतीची कामं त्यांच्याकडेच असतात, कारण फ्लेक्स शेळ्या खातात आणि वारा नेतो.

त्यांची आई सरूबाई फळं विकायची. दिवाळीच्या सुमाराला सीताफळं, मग बोरं, उन्हाळ्यात चिंच, पुढे जांभळं. दर गुरुवारी आठवडी बाजारात, पाण्याच्या टाकीच्या कुंपणभिंतीला पाठ लावून, एकाच जागी तीस वर्षं. सीताफळाच्या सालीवर जे खवले असतात त्यांना आमच्याकडे डोळे म्हणतात. डोळे उघडले, म्हणजे खवल्यांच्या मधली फट पांढरट झाली, की फळ तोडायला झालं. सरूबाई गिऱ्हाइकाला फळ देण्याआधी ते दोन बोटांत धरून जवळ घ्यायची, त्याचे डोळे बघायची आणि मगच पाटीतून बाहेर काढायची. कच्चं फळ तिने कोणाला दिलं नाही, असं बाजारातल्या म्हाताऱ्या बाया आजही सांगतात.

तिचा एकही फोटो नाही. म्हणजे एक आहे, पण तो तिचा नाही. मतदार ओळखपत्रं निघाली तेव्हा कुठेतरी घोळ झाला आणि सरूबाईच्या नावापुढे दुसऱ्याच एका बाईचा चेहरा छापून आला. बारीक, घाबरलेली, नाकात मोठी नथ. सरूबाईने त्याच कार्डावर शेवटपर्यंत मतदान केलं. गहिनीनाथकाकांनी ते जपून ठेवलं आहे.

"ह्या बाईच्या घरी माझी आई आसंल कार्डावर," ते म्हणतात. "दोघी सुकात राहूंद्यात."

गेल्या ऑक्टोबरात ते अठ्ठावन्न वर्षांचे झाले. सरूबाई गेली तेव्हा तीही अठ्ठावन्न वर्षांचीच होती, वर थोडेच दिवस. "दिवाळी झाली की मी तिच्यापेक्षा थोरला होणार व्हतो," ते मला म्हणाले. "मंग ती मला ल्हान दिसाया लागली आसती. त्याच्या आधीच काढून घेतली."

चार सकाळी लागल्या. रंग नवा आणला नाही. अडतीस वर्षांत डब्यांच्या तळाशी जे उरलं होतं ते उघडलं, घोटलं आणि वापरलं. लुगड्याचा हिरवा बियाण्यांच्या जाहिरातीतला. काठ एका दवाखान्याच्या क्रॉसचा लाल. पाटी खताच्या पोत्याच्या पिवळ्यात गेरू मिसळून. आधी हात काढले, कारण हात पक्के आठवत होते. मग हातातलं सीताफळ. चेहरा शेवटी, आणि तोही खाली झुकलेला, फळाचे डोळे बघणारा. तिचे स्वतःचे डोळे काढावे लागले नाहीत.

ती जिथे बसायची, बरोबर तिथेच, जमिनीला टेकून, खऱ्या बाईएवढी. खाली कोपऱ्यात सही नाही, नंबर नाही. "आईच्या पुढ्यात आपलं नाव कशाला?" परवानगी विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

या सगळ्यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी डिप्लोमा सिव्हिल, नगरपंचायतीत अकरा महिन्यांच्या करारावर लागलेली. डिसेंबरात आम्हाला गावातल्या सगळ्या सार्वजनिक भिंतींची पाहणी करायला सांगितली. फोनमध्ये एक फॉर्म होता. भिंतीचा फोटो काढायचा, लांबी-उंची टाकायची आणि 'भिंतीची सद्यस्थिती' या रकान्यात चारपैकी एक निवडायचं: कोरी, जाहिरात, सुशोभीकरण, विद्रुपीकरण.

टाकीच्या भिंतीपाशी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. त्या दिवशी सोमवार, बाजार नव्हता. समोर फक्त एक भिंत आणि तिला टेकून बसलेली रंगवलेली म्हातारी. दोन मिनिटं मी बघत राहिले, हे खरं आहे. मग 'सुशोभीकरण' निवडलं. फोन म्हणाला, कार्यादेश क्रमांक टाका. चित्राला कुठला कार्यादेश? सही नाही, नंबर नाही, कोणी काढलं हेच माहीत नाही. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जाईना. 'कोरी' म्हणावं तर फोटोत म्हातारी. 'जाहिरात' म्हणावं तर कशाची?

'विद्रुपीकरण' निवडलं. फॉर्म लगेच गेला. भिंत क्रमांक एकशे त्रेचाळीस.

गुरुवारी बाजारात कांद्याची पात घ्यायला गेले. आमच्या बाजारात बसायच्या जागेवरून बाया एकमेकींच्या झिंज्या उपटतात, इतकी दाटी. पण टाकीच्या भिंतीपाशी, त्या चित्रापुढे, दोन माणसं बसतील एवढी जागा रिकामी होती. शेजारी लसूण विकणाऱ्या मल्लम्मा आजी बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, इथं कोणी बसत नाही का?"

"न्हाई."

"का?"

मल्लम्मा आजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आंधळी आहे. "कावून म्हंजे? सरूबाई बसलेली हाय की तिथं. दिसंना का तुला?"

पलीकडची भाजीवाली हसून म्हणाली, "आजी, त्या कचेरीतल्या हायत. त्यांला कागदावरचंच दिसतंय."

तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. पूर्वी त्या भिंतीला खालून कमरेएवढी पिचकाऱ्यांची लाल रांगोळी असायची. आता चित्राच्या आजूबाजूला दोन-दोन हात भिंत स्वच्छ होती. फक्त वरच्या बाजूला कोणीतरी विटकरीच्या तुकड्याने काढलेला एक जुना बदाम होता आणि त्यात 'रुद्राणी' लिहिलेलं. चित्र काढणाऱ्याने तो पुसला नव्हता. त्याला वळसा घालून पदर काढला होता.

मला घरी आल्यावरही चैन पडलं नाही. पण फोनमध्ये गेलेली नोंद मागे घेता येत नाही. आणि आठवड्याने कचेरीतून यादी निघाली: विद्रुपीकरण झालेल्या एकोणीस भिंती पांढऱ्या करून त्यावर स्वच्छतेचा संदेश लिहिणे. सोमवारी स्वच्छतेच्या पाहणीचं पथक येणार, त्याआधी. काम नेहमीप्रमाणे गहिनीनाथ पेंटर यांना. कार्यादेशावर सही करून ते घेऊनही गेले होते.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. बसस्टँडमागे टिनाची खोली, दारात डब्यांची उतरंड. ते चुना भिजवत होते.

"काका, यादी बघितली का तुम्ही?"

"यादी कावून बघू? गावातल्या भिंती मला तोंडपाठ हायत."

"त्यात टाकीची भिंत आहे."

त्यांचा हात चुन्यातच थांबला. "कोण टाकली?"

"मी."

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी हात धुतले, धोतराला नाही, फडक्याला पुसले, चष्मा लावला आणि यादी मागितली. बोट फिरवत खाली आले. मग खिशातला पेन काढला आणि शीर्षकावर एक खूण केली.

"हे चुकलंय. द्रू दीर्घ पाहिजे. 'भिंत विद्रूप करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई केली जाईल.' बत्तीस भिंतींवर लिवलंय मी हे, तुमच्याच कचेरीसाठी. एकदाबी ऱ्हस्व काढला न्हाई."

"फोनमध्येच तसं आहे, काका."

"मंग फोनाला सांगा. आधी ते नीट करा, मंग आईला पुसा."

आई! तेव्हा मला कळलं. काकूंनी चहा आणला, तो तसाच गार झाला, आणि मी वर सांगितलेलं सगळं त्यांनी मला सांगितलं. कार्ड दाखवलं. नथवाल्या बाईला मीही नमस्कार केला.

"विद्रूप म्हंजे नेमकं काय ओ म्याडम?" त्यांनी विचारलं. "शब्द लई लिवला, पण कवा इचारला न्हाई."

"रूप बिघडवणं."

"कुणाचं?"

"भिंतीचं."

"त्या भिंतीचं रूप काय होतं, बघितलं व्हतं का तुमी?"

बघितलं होतं. आम्ही शाळेत जाताना तिथून नाक दाबून पळायचो.

मग ते धर्मापुरीचं सांगायला लागले. लहानपणी आई त्यांना तिथल्या जुन्या देवळाला घेऊन गेली होती. "देवळाला बाहीरून बाया कोरलेल्या हायत, दगडाच्या. आत ही गर्दी. आई काय आत गेली न्हाई. बाहीर भिंतीला धरून हुबी राहिली, आन एका दगडी बाईच्या पायावरची धूळ पदरानं पुसाया लागली. मी म्हणलं, आई, देव आत हाय. ती म्हणली, आसंल की, पन ही बी दमलीय कवाधरनं हुबी राहून."

मग ते म्हणाले, "ती कोरणाऱ्याची कोण व्हती, कुणाला म्हाईत. त्याला इचारलं का कुणी, कार्यादेश कुठाय म्हणून?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, राजाने सांगितलं असेल. म्हणजे कार्यादेश होताच की."

ते हसले. "हां, तेबी खरं हाय. दगड राजाचा. आन ही भितबी काय माझी न्हाई. माझ्या ताज्या अक्षरांवर कुणी पोस्टर चिकटिवलं तर मी त्याच्या मागं काठी घिऊन पळतो. मंग मला कुणी पळिवलं तर मी काय म्हणावं?" चुन्याच्या बादलीत त्यांनी काठी फिरवली. "पन मी कुणाच्या अक्षरावर न्हाई काढली, म्याडम. थुंकीवर काढली."

दुसऱ्या दिवशी मी अभिमन्यू सरांना गळ घातली. सर आमचे स्वच्छता निरीक्षक. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना सगळ्या गोष्टींची घाई असते. मोटरसायकल चालू ठेवूनच ते भिंतीपुढे उभे राहिले. गहिनीनाथकाका आधीच येऊन थांबले होते.

"काय बे गहिनी," सर म्हणाले, "तू तर आपला माणूस. तूच आसं करायला लागल्यावर?" मग चित्राकडे बघून म्हणाले, "देवी हाय का ही?"

"न्हाई सर. सीताफळवाली."

"मग इथं कोणी थुंकत कसं न्हाई? आपल्या कचेरीच्या जिन्यात देवांच्या फरशा लावल्या, तिथंबी थुंकतात लेकाचे." सरांनी गाडी बंद केली. खाली उतरले. जवळ जाऊन सीताफळाला बोट लावलं, रंग लागतो का बघितलं. "आमच्या वडिलांना सीताफळं हिच्याकडूनच न्यायचो मी. आन हा बदाम कोणाचा? रुद्राणी कोण?"

"म्हाईत न्हाई सर. आधीपासून व्हता."

"मग पुसला का न्हाईस? हे तर सरळसरळ विद्रूप हाय."

"त्याचंबी कुणीतरी आसंल की सर."

मी म्हटलं, "सर, चित्र चांगलं आहे. राहू द्या ना."

"चांगलं न्हाई आसं मी म्हणलो का? पण तुमच्या फोनमध्ये 'चांगलं' हा रकाना कुठाय, दाखवा मला."

तो रकाना खरंच नव्हता.

सरच पुढे म्हणाले, "एक करता येईल. संदेश टाक, गहिनी. ओला कचरा, सुका कचरा. दोन डबे काढ. संदेश असला की ते सुशोभीकरण. कार्यादेश तुझ्याकडं हायच, नंबर म्याडम टाकतील. न्हाईतर सोमवारच्या आत चुना."

"आईच्या अंगावर डबे?"

"अंगावर कशाला? बाजूला. पाहिजे तर तिच्या हातातून साल डब्यात पडतीय आसं दाखव. पथकाला लई आवडंल."

गहिनीनाथकाकांनी पहिल्यांदाच सरांकडे मान वर करून बघितलं. "सर, आई साल टाकीत नव्हती. साल शेळीला. बिया वाळवून कुटायची, पोरींच्या डोक्यातल्या उवांला. राहिलेला पाला चुलीत. तिच्याकडं कचरा निघतच नव्हता. तिला डबा काय करायचाय?"

"तिला न्हाई रे बाबा," सर हळू आवाजात म्हणाले. "फोनाला पाहिजे."

दोन दिवस काका कुठे दिसले नाहीत. बाकीच्या अठरा भिंती त्यांनी पांढऱ्या करून घेतल्या. शनिवारी सकाळी मला फोन आला, "म्याडम, येता का? दोरीचं दुसरं टोक धराया कुणी न्हाई."

मी गेले. भिंतीपुढे दोन छोटे डबे रंग आणि नीळ लावलेलं सूत. चुन्याची बादली आणलेली नव्हती, तेव्हा त्यांचं काय ठरलंय ते मला कळलं. मी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. सूत सरूबाईच्या डोक्यावरून, वीतभर वरून गेलं.

"ताणा. आजून ताणा. ढिलं नको."

ते मधे आले, चिमटीत सूत ओढलं आणि एक क्षण तसंच धरून राहिले. मग सोडलं. फट्‌. आईच्या डोक्यावर निळी रेघ उमटली.

त्या रेघेला त्यांनी अक्षरं लटकवली: 'ओला वेगळा, सुका वेगळा, गाव आपला दिसे आगळा.' ओळ कचेरीतून आलेली. अक्षरं मात्र अशी सुरेख, की त्या ओळीची लायकी नव्हती. उजवीकडे हिरवा डबा, डावीकडे, जरा वर, निळा. निळा डबा बरोबर त्या बदामावर आला. काकांनी तिथे रंग पातळ केला. लांबून डबा दिसतो. जवळ जाऊन बघितलं तर निळ्यातून विटकरी रंगाची 'रुद्राणी' वाचता येते.

सरूबाईला त्यांनी ब्रश लावला नाही. हातातलं फळ फळच राहिलं, त्याची साल झाली नाही. हिरवा डबा आणि तिचा गुडघा यांच्यामध्ये चार बोटं सिमेंट तसंच सोडलं.

"सही?" मी विचारलं. "फॉर्ममध्ये कलाकाराचं नाव सक्तीचं आहे."

ते कोपऱ्यात वाकले, 'गहिनी आर्ट' लिहिलं आणि ब्रश डब्यात टाकला.

"नंबर राहिला, काका."

"न्हाई. आसलं काम मागाया कुणी फोन करू ने."

मी तिथेच उभं राहून काम पूर्ण झाल्याचा फॉर्म भरला. सुशोभीकरण. कार्यादेश क्रमांक. 'पूर्वीचा फोटो' या जागी सरूबाई, 'नंतरचा फोटो' या जागी सरूबाई. फोनला काही वावगं वाटलं नाही. हिरवी खूण आली.

सोमवारी पथक येऊन गेलं. सर खूश होते. पथकातल्या एका मुलीने सरूबाईच्या शेजारी उकिडवं बसून स्वतःचा फोटो काढून घेतला. कोन असा धरला की दोन्ही डबे बाहेर राहिले. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, "दोन्ही? खरंच?" आणि खिशातून बिडी काढून ती न पेटवताच परत ठेवली.

नंतरच्या गुरुवारी ते स्वतःच मला बाजारात भेटले. चहाच्या गाड्यापाशी उभे होते, नजर भिंतीकडे. बोरांचे दिवस. बाजार भरत आला होता, आणि सरूबाईच्या पुढची जागा अजून रिकामी होती. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा काका, काही बदललं नाही.

तेवढ्यात एक तरुण बाई बोरांची पाटी डोक्यावर घेऊन आली. नाव मनिषा, हे मला नंतर कळलं. वरच्या एका वस्तीवरून आलेली, बाजारात पहिल्यांदाच. इकडे तिकडे बघितलं, दोन ठिकाणी हाकलली गेली, आणि टाकीच्या भिंतीपाशी येऊन थांबली. पाटी कमरेवर घेतली. चित्राकडे बघत राहिली. मग लाजून हसली आणि चित्रालाच म्हणाली, "मावशी, सरका बरं जरा. मला बी बसू द्या."

काका पुढे व्हायला निघाले आणि थांबले. त्यांनी मल्लम्मा आजींकडे बघितलं. आता आजी हिला उठवणार, असं मलाही वाटलं. आजींनी लसणाची गड्डी सोलता सोलता मान वर केली, डबे बघितले, वरची ओळ बघितली.

"बस बाई, बस," त्या म्हणाल्या. "आता काय, सरकारी भित झाली ती."

मनिषा बसली. पाटीवरचं फडकं काढलं, बोरं नीट लावली. उन्हं वर आली तशी ती हळूहळू खाली घसरत मागे टेकली, आणि तिची पाठ बरोबर सरूबाईच्या गुडघ्याला लागली. वरून सरूबाई खाली बघत होती. आतापर्यंत ती हातातलं सीताफळ बघायची. आता तिची नजर या पोरीच्या डोक्यावर पडल्यासारखी दिसत होती.

"डोक्याला तेल हाय तिच्या," काका म्हणाले. "डाग पडंल लुगड्याला."

"सांगू का तिला?"

"नगं. पडूंद्या."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि तसाच धरून ठेवला. समोर एक गिऱ्हाईक आलं. मनिषाने एक बोर उचललं, दोन बोटांत धरून डोळ्यांजवळ नेलं, किडकं नाही ना बघितलं, आणि मगच पुढे केलं. काकांनी भरलेली बशी तशीच गाड्यावर ठेवली.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "म्याडम, तुमी शिकलेल्या हायत, भिंती मोजता. एवढं एक सांगा मला. मी आईची जागा राखली, का घालिवली?"